चेहऱ्यावरचे मुरूम: घरचे उपाय आणि घातक मलम

मोहरीची कापणी आटोपली आणि गहू खळ्यावर आला, की आपल्या ग्वाल्हेर भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: लग्नसराई आणि घाम. याच दिवसांत पुष्कळ तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावरील मुरूम वाढतात, आणि याच दिवसांत त्यांच्यावर उपायांची घाई होते. कोणी लिंबू चोळतो, कोणी सकाळची शिळी थुंकी लावतो, कोणी दुकानातून एखादी स्वस्त ट्यूब आणतो. चार दिवसांत चेहरा उजळतो, घरचे खूष होतात. पुढे सहा महिन्यांनी तोच चेहरा लाल, पातळ आणि पुळ्यांनी भरलेला दिसतो. असे होऊ नये म्हणून आजचा धडा आहे. मुरूम का येतात, घरी काय करावे आणि काय कधीच करू नये, हे क्रमाने पाहू.

मुरूम म्हणजे काय?

मराठीत आपण मुरूम, पुटकुळ्या किंवा तारुण्यपीटिका म्हणतो. आपल्या शेजारीपाजारी कील-मुँहासे म्हणतात. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत त्याला मुखदूषिका असे नाव असून तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. सावरीचे खोड ज्याने पाहिले आहे त्याला ही उपमा लगेच पटेल.

आपल्या कातडीत बारीक केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ या ठिकाणी त्या अधिक आणि मोठ्या असतात. वयात येताना शरीरात जे स्राव वाढतात, त्यांच्यामुळे या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रातील मृत पेशी एकमेकींना चिकटून तोंडाशी बूच बसते. मागे तेल साठते. कातडीवर नेहमीच राहणारे एक जातीचे जंतू त्या तेलात वाढतात, आणि मग सूज, लाली व पू होतो.

शेतकऱ्याला हे समजणे सोपे आहे. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की मागे पाणी तुंबते आणि कडा फुटतात. पाट फुटला म्हणून कोणी पाण्याला दोष देत नाही. अडथळा हळूच काढतो. मुरमाचेही तसेच आहे.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली: मुरूम म्हणजे मळ नव्हे. नाकावर जे काळे टोक दिसते तीही माती नसते. छिद्रातील बुचाला हवा लागून त्यातील रंगद्रव्य काळे पडते. म्हणून घासून ते निघत नाही.

दुसरी: मुरूम संसर्गाने पसरत नाहीत. ज्याला मुरूम आहेत त्याच्याशेजारी बसल्याने किंवा त्याच्याशी हात मिळवल्याने ते दुसऱ्याला होत नाहीत.

तिसरी: मुरूम हे वाईट विचारांचे किंवा वाईट सवयीचे चिन्ह नव्हे. मोठी माणसे चेष्टेत असे काही बोलतात आणि मूल ते मनात धरून बसते. किशोरवयात दहांपैकी आठांहून अधिक मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतातच. जे जवळजवळ सर्वांना होते, ते एकाच्या चारित्र्याचा पुरावा कसे होईल? मुलाला लाज वाटेल असे बोलणे हे पाप म्हणता येईल. मुरूम येणे नव्हे.

रोजची काळजी

औषधापेक्षा आधी रोजची सवय. तिला खर्च जवळजवळ नाही.

१. चेहरा दिवसातून दोनदा धुवावा, आणि शेतातून घामाघूम होऊन आल्यावर एकदा. याहून जास्त नको. वारंवार धुण्याने कातडी कोरडी पडते व चिडते.

२. पाणी साधे किंवा कोमट असावे. साबण सौम्य आणि शक्यतो बिनवासाचा. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तर अंगाचे बहुतेक साबण क्षारधर्मी असतात. कपड्याचा साबण चेहऱ्याला कधीही लावू नये. ज्यांच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड आहे, त्यांनी साबण अगदी थोडा घ्यावा आणि चेहरा नीट खळबळून धुवावा, कारण जड पाण्यात साबणाचा थर कातडीवर राहतो.

३. बोटांच्या टोकांनी हळू धुवावे. घासणी, वज्री, जाड टॉवेल यांनी घासू नये. पुसताना पंचा टिपून घ्यावा. प्रत्येकाचा पंचा वेगळा असणे चांगले.

४. मळणीच्या दिवसांत भुशापासून बचाव म्हणून तोंडाला गमछा बांधतात, ते योग्यच आहे. पण घामाने भिजलेला तोच गमछा चार दिवस वापरल्यास हनुवटीवर आणि गालांवर घर्षणाने मुरूम वाढतात. मऊ सुती कापड घ्यावे व ते रोज धुवावे. उशीचा अभ्राही आठवड्यातून एकदोनदा बदलावा.

५. तेलाची गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या चंबळ भागात मोहरीचे तेल, मराठी घरांत खोबरेल. दोन्ही केसांना चोपडून लावण्याची सवय आहे. ते तेल कपाळावर उतरले की केसांच्या कडेने बारीक पुळ्यांची रांग उठते. ज्यांना मुरूम आहेत त्यांनी तेल टाळूपुरते, तेही अंघोळीच्या तासभर आधी लावून धुऊन टाकावे. चेहऱ्यावर तेल, तूप किंवा दुधाची साय चोळू नये.

६. थंडीत ग्वाल्हेरची हवा कोरडी असते आणि कातडी फुटते. तेव्हा तेलकट नसलेले हलके क्रीम थोडे लावण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. उन्हाने मुरूम वाळतात असा समज आहे, पण त्यांचे डाग उन्हाने जास्त काळे पडतात. डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा पदर असावा.

७. मुरूम फोडू नये. ही सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची सूचना आहे. नखाने दाबल्यावर अर्धा पू बाहेर येतो आणि अर्धा आत फुटतो. त्यातूनच खड्डे आणि कायमचे डाग राहतात. नाकाच्या व वरच्या ओठाच्या भागातील पिकलेला फोड तर मुळीच दाबू नये. तेथील संसर्ग क्वचित डोक्यापर्यंत पोहोचतो. ठणका असेल तर स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून पाच-दहा मिनिटे ठेवावे.

घरचे उपाय: कोणते चालतील?

आजीच्या बटव्यातील सगळेच खरे नाही आणि सगळेच खोटे नाही. एकेक तपासून पाहू. मात्र कोणताही लेप प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. तेथे खाज किंवा लाली आली तर तो चेहऱ्याला लावू नये.

मुलतानी माती: ही वरचे तेल शोषून घेते. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा चालेल. कडक वाळेपर्यंत ठेवू नये. ओलसर असतानाच धुवावी. कोरड्या कातडीला आणि थंडीत नको.

कडुनिंब: पाला उकळून गार केलेल्या पाण्याने चेहरा धुतल्यास बहुतेकांना अपाय नाही. कडुनिंबाचा अर्क प्रयोगशाळेत जंतूंना रोखतो, पण चेहऱ्यावरील मुरमांवर तो किती चालतो याचा भक्कम पुरावा झालेला नाही. पाणी रोज ताजे करावे. निंबोळीचे तेल चेहऱ्याला लावू नये आणि पोटात तर मुळीच घेऊ नये; लहान मुलांना ते विषारी ठरले आहे.

हळद: हळदीने जखम भरते हे आपले जुने ज्ञान आहे. अमेरिकेत १९९५ साली याच गुणावर एका विद्यापीठाला पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण तो वाद जखमेचा होता, मुरमाचा नव्हे. हळदीचा पातळ लेप काहींना सुखावतो, काहींना खाज आणतो. सुटी हळदपूड घेऊ नये. तिच्यात लेड क्रोमेट नावाच्या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ सापडलेली आहे. हळकुंड आणून घरीच दळावे.

कोरफड: पान कापून उभे ठेवावे आणि पिवळा चीक गळून जाऊ द्यावा, कारण तो झोंबतो. मग आतील पारदर्शक गर लावावा. जळजळ शमते, मुरूम बरे होतील अशी मोठी अपेक्षा ठेवू नये.

जायफळ: सहाणेवर दुधात उगाळून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. एखाद्या पुळीवर बोटाच्या टोकाने लावण्यास हरकत नाही. खरखरीत लेप चेहराभर चोळू नये.

मध: याची परीक्षा झालेली आहे. न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर कानुका झाडाच्या औषधी मधाचा प्रयोग झाला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. मध लावणाऱ्यांना नुसत्या साबणाने धुणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. तेव्हा मध भाकरीबरोबर खावा, हे बरे.

कोणते उपाय टाळावेत?

लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने राहतात. शेतावर काम करणाऱ्याने तर ते कटाक्षाने टाळावे. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि ठेचलेला लसूण यांनीही कातडी जळते. शिळ्या थुंकीत तोंडातील असंख्य जंतू असतात. राख किंवा शेण फुटलेल्या पुळीवर लावल्यास धनुर्वाताचे भय आहे.

खाण्यापिण्याविषयी

"उष्ण पडले" म्हणून आंबा, तिखट, शेंगदाणे सगळे बंद करण्याची आपली पद्धत आहे. त्यामागे फारसा आधार नाही. साखर आणि मैदा मात्र संशयास पात्र आहेत. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर सुमारे बाराशे लोकांना तपासले तेव्हा एकालाही मुरूम सापडले नाहीत. हे निरीक्षण २००२ साली प्रसिद्ध झाले. ते लोक कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ खातात. साखर व मैदा जवळजवळ नाहीच. एवढ्यावरून सर्व सिद्ध होत नाही, पण नंतरच्या अभ्यासांतही फार गोड खाण्याचा संबंध दिसला आहे.

म्हणून मुरैनाच्या गजकेचा एक तुकडा खाल्ला तर बिघडत नाही. पण दिवसातून सहा वेळा गोड चहा, बाटलीतले सरबत आणि बिस्किटे कमी करावीत. बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे आपले जुने जेवण उत्तम आहे. वाढत्या मुलीचे दूध मुरमांच्या भीतीने एकदम तोडू नये. व्यायामशाळेत जाणारी मुले दुधापासून केलेली जी प्रथिनांची पूड घेतात, तिने मात्र काहींचे मुरूम वाढतात.

शेतकऱ्याने विशेष जपावे

डिझेल, ग्रीस आणि इंजिनचे जुने तेल यांनी भिजलेले कपडे अंगावर राहिले की मांड्यांवर व हातांवर काळ्या टोकांच्या पुळ्या येतात. ट्रॅक्टर किंवा पंप दुरुस्त केल्यावर हात साबणाने धुवावेत, कपडे बदलावेत, आणि तेलकट हाताने तोंड पुसू नये.

काही रसायने तर फार भयंकर मुरूम आणतात. इटलीत सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून १० जुलै १९७६ रोजी डायॉक्सिन हे विष हवेत सुटले. पुढे जवळजवळ दोनशे लोकांच्या अंगावर मुरमांसारखा रोग उठला, आणि त्यांत बहुतेक मुले होती. आपली फवारणीची औषधे त्या जातीची नव्हेत, पण तीही कातडीला अपाय करतात. फवारणीच्या वेळी हातमोजे घालावेत, फवारलेल्या हाताने तोंडाचा घाम पुसू नये, आणि घरी येताच अंघोळ करावी.

ती घातक ट्यूब

आता मुख्य गोष्ट. लग्न ठरले, फोटो काढायचा आहे, पाहुणे येणार आहेत. अशा घाईत "चेहरा साफ करणारे क्रीम" म्हणून जी ट्यूब मागून आणली जाते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. ट्यूबवरील बारीक अक्षरे घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती ट्यूब मुरमांसाठी नाही.

ही औषधे वाईट नाहीत. इसबासारख्या रोगांवर डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी देतात. पण मुरमांवर ती काय करतात? सूज दाबतात, रंग उजळ दाखवतात, म्हणून पहिला आठवडा चमत्कार वाटतो. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुलींच्या गालावर लव वाढते, आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येतात. लावणे थांबवले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. हे व्यसनासारखेच चक्र आहे. या गैरवापराविरुद्ध देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावण्याची चौदा स्टेरॉइडे अनुसूची एचमध्ये घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी मागणारा मागत राहिला तर विकणारा सापडतोच. म्हणून पहारा आपल्याच घरी हवा.

कोणी असे क्रीम महिनोन्‌महिने लावत असेल तर त्याला रागावू नये. ट्यूब घेऊन त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ती कशी सोडवायची हे तेच सांगतील.

योग्य औषध आणि धीर

साधे मुरूम सहा-आठ आठवडे नीट काळजी घेऊनही कमी झाले नाहीत, तर औषध घ्यावे. बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने आणि पारखलेले औषध आहे. अडीच टक्क्यांचे जेल दहा टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि जळजळ कमी करते, म्हणून जास्त ताकदीचे मागू नये. पहिले काही दिवस एक दिवसाआड पातळ थर लावावा. कपड्याचा रंग या औषधाने उडतो. उष्णतेने ते बिघडते, तेव्हा ट्यूब उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नये. ॲडापलीन हे दुसरे चांगले औषध रात्री लावतात, पण गरोदर स्त्रीने किंवा गर्भाची शक्यता असताना ते वापरू नये. पोटात घेण्याच्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भाला गंभीर व्यंग येते, म्हणून ते केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

कोणत्याही खऱ्या औषधाला दोन ते तीन महिने लागतात. आज दिसणारा मुरूम कातडीच्या आत काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. कार्तिकात पेरलेला गहू चैत्रात कापतो, तोवर आपण रोज रोप उपटून पाहत नाही. औषधाचेही तसेच समजावे.

पुढील लक्षणे असतील तर घरी वेळ काढू नये: खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणे, पाठ व छाती भरून मुरूम, ताप आणि सांधेदुखी, मुलीची पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस येणे, आणि मुरमांमुळे मूल शाळा चुकवू लागणे, कोंडून घेणे किंवा "मी कशाला जगू" असे बोलणे. हे शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर मानावे आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. ग्वाल्हेरात मुरारचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. तेथे त्वचेच्या डॉक्टरांना दाखवता येते.

उजळणी

संध्याकाळी जेवणानंतर घरातील मुलांना हे प्रश्न विचारावेत.

१. नाकावरचे काळे टोक मळ आहे का? नाही, हवा लागून काळे झालेले बूच आहे.
२. चेहरा किती वेळा धुवावा? दोनदा, आणि घाम आल्यावर एकदा.
३. लिंबू लावून शेतात गेल्यास काय होते? कातडी भाजते आणि डाग पडतात.
४. चार दिवसांत गोरे करणाऱ्या ट्यूबमध्ये काय असण्याचा संभव आहे? स्टेरॉइड.
५. औषधाला गुण यायला किती काळ लागतो? दोन ते तीन महिने.
६. ज्याला मुरूम आहेत त्याच्याशी कसे बोलावे? जसे आधी बोलत होतो तसेच.

हे पान कापून घरातील औषधांच्या डब्यात ठेवावे, आणि डब्यातील जुन्या ट्यूबा आजच बाहेर काढून त्यांवरील नावे वाचून पाहावीत.